आईच्या हाताचा फोटो

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी ते लाकडी खोकं आलं. मी स्वतः स्क्रू काढले, कागदाचे बोळे उपसले, फ्रेम बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि मनात पहिला विचार आला तो असा, की या गाढवांनी भलताच फोटो पाठवलाय.

कारण ‘हात’ मला माहीत होता. तो सगळ्यांनाच माहीत आहे. काळ्याभोर पार्श्वभूमीवर पांढराशुभ्र पंजा, पाची बोटं पसरलेली, बाकी काही नाही. शाळेच्या पुस्तकात आहे, टपालाच्या तिकिटावर येऊन गेलाय, आणि या प्रदर्शनासाठी तर इमारतीच्या दर्शनी भिंतीवर त्याचं दोन मजले उंच पोस्टर लावलंय. खाली माझ्या बाबांचं नाव आणि त्याखाली ‘नव्या छायाचित्रणाचे प्रणेते’. तो पंजा माझ्या आईचा, हेही सगळ्यांना माहीत आहे. अधूनमधून कुणीतरी वार्ताहर घरी उगवायचा, पुस्तकातलं ते पान उघडून भिंतीशी धरायचा आणि आईला शेजारी हात उभा करायला लावून फोटो काढायचा. आई निमूट उभी राहायची. मी आतून चहा आणायचे आणि वार्ताहराला म्हणायचे, आटपा लवकर, तिचे गुडघे दुखतात.

खोक्यातून निघालेला पंजा माझ्या पंजाच्या निम्मा होता.

मी काचेवर माझा तळवा धरून पाहिला. माझ्या बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंतसुद्धा त्याची बोटं पोचत नव्हती. मागे पाहिलं तर बाबांची सही, त्यांचा तो ऐटबाज फाटा ओढलेला, आणि साल. साल माझ्या जन्माच्या आधीचं. म्हणजे फोटो बरोबर होता. मीच काहीतरी चुकीचं पाहत होते, असं वाटून मी चष्मा पुसला. चष्मा पुसून काय होणार होतं कोण जाणे.

हे फोटो कसे बनतात ते सांगते, म्हणजे माझी बोबडी का वळली ते कळेल. यात कॅमेरा नसतो. फोटोच्या कागदावर वस्तू सरळ ठेवायची आणि उजेड पडू द्यायचा. उजेड लागला तेवढा कागद काळा होतो, वस्तूखालचा पांढरा राहतो. त्यामुळे यात लहान-मोठं करण्याची सोय नाही. वस्तू जेवढी, तेवढाच तिचा ठसा. आणि याची निगेटिव्हही नसते. तो कागद एकच, त्याची दुसरी प्रत निघत नाही.

मी अख्खं आयुष्य बाबांच्या डार्करूममध्ये काढलंय. ते गेल्यावर त्यांचे फोटो छापते ते मीच. तरी हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही, कारण आमच्या धंद्यात आकाराला कुणी विचारत नाही. एन्लार्जर वर केला की मुंगीचा हत्ती होतो, खाली केला की हत्तीची मुंगी. आम्ही बघतो तो काळा किती काळा आहे आणि कड किती साफ आहे. मूळ ‘हात’ पहिल्याच प्रदर्शनात परदेशी गेला तो तिथेच कुणाच्या तरी घरात राहिला. तो देण्याआधी बाबांनी त्याचा कॅमेऱ्याने फोटो काढून ठेवला होता. जगभरच्या पुस्तकांत छापतात तो या फोटोचा फोटो, ज्याला जेवढा हवा तेवढा मोठा करून. मूळ कागद मी आज पहिल्यांदा पाहत होते. तो काळा-पांढरासुद्धा नव्हता. वांग्याच्या सालीचा असतो तसा रंग होता त्याचा, आणि मधोमध तो चिमुकला पंजा.

पोराचा हात होता तो. आंधळ्याला दिसलं असतं.

प्राध्यापक तेवढ्यात आत आले. हे बाबांचे पहिले शिष्य. पुढे शिकवायला लागले आणि बाबांवर एक जाडजूड ग्रंथ लिहून बसले. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून त्यांना सर म्हणते. त्यांच्या ग्रंथात या पंजावर एक अख्खं प्रकरण आहे. ‘या बोटांनी हाडं टाकून दिली आहेत, हा फुगीरपणा म्हणजे वास्तवाला दिलेला ठाम नकार आहे’ असलं काय काय. मी ते मोठ्या आदराने वाचलं होतं. गुबगुबीत बोटं गुबगुबीत दिसत होती, बस, पण आम्हा शहाण्यांना त्यात नकार दिसला.

मी त्यांना म्हटलं, तुमचा तळवा धरा जरा काचेवर. त्यांनी धरला. मग खुर्ची ओढून बसले आणि पाणी मागितलं.

त्यांना वाटलं, हात माझा असेल, साल चुकून मागचं पडलं असेल. पण पहिलं प्रदर्शन कधी झालं याची वर्तमानपत्रातली कात्रणं बाहेर हॉलच्या भिंतीवर लावली होती आणि मी तेव्हा जन्मले नव्हते. मग ते म्हणाले, शेजारचं एखादं पोर असेल. बाबांना कुठलाही हात चालला असता. हे मला पटलं. पटायलाच हवं होतं. मी म्हटलं, हो, असेल, आणि सवयीने भिंग काढून कडा पाहायला लागले.

आणि माझं अंग गार पडलं.

हा कागद उन्हात ठेवून काळा करायचा असतो. बाबांच्या दुकानात तो गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला वापरत. त्याला अंधारी खोली लागत नाही, पण घाईसुद्धा चालत नाही. कडक उन्हातही त्याला निवांत चहा करून पिऊन होईल एवढा वेळ द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ वरची वस्तू तसूभर हलली तरी कड विस्कटते. चार वर्षांच्या आतलं पोर तेवढा वेळ तळहात कागदावर टेकवून बसेल? मी दोन वाढवलीत. चमचाभर औषध पाजेपर्यंत ती टेबलाखाली असायची. झोपलेलं असेल म्हणावं, तर झोपेत मुलांची बोटं मुडपतात. इथे पंजा सपाट होता. पाची बोटं कुणीतरी एकेक करून नीट पसरून ठेवली होती. आणि प्रत्येक बोटाची कड ब्लेडने कापल्यासारखी साफ होती.

मी भिंग खाली ठेवलं.

सरांना मी ते सांगितलं तेव्हा माझा आवाज मलाच ओळखू येईना. मग उठून त्यांनी आधी दार लावलं. माणूस विद्वान असला तरी संकटात आधी दारच लावतो. म्हणाले, हे इथेच राहू दे. फोटोभोवती रुंद पुठ्ठा लावू, जरा उंचावर टांगू, दिवा मंद ठेवू, कुणाला आकाराचा अंदाज येणार नाही. मुख्य म्हणजे उद्या काकूंना आणू नकोस. उद्या दहा कॅमेरे असतील, सगळे त्यांना याच्याशेजारी हात धरायला सांगतील, आणि मग काय?

मी त्यांना म्हटलं, आई उद्या कशाला, आत्ताच येतेय. गर्दीत मला काय दिसणार, आदल्या दिवशीच दाखव, असं तिने महिनाभर टुमणं लावलं होतं. माझी टॅक्सी पाठवून झाली होती.

तोवरच्या वेळात मी काय केलं आठवत नाही. हॉलमध्ये फिरले असेन. चारी भिंतींवर बाबा होते. त्यांना दुकान त्यांच्या वडिलांकडून मिळालं होतं. रंगवलेला पडदा, कोरीव खुर्ची, हनुवटी जरा वर, हं, आता हसा, असला धंदा. पदवीची गुंडाळी धरलेले तरुण, उशीवर पालथी टाकलेली तान्ही बाळं. तिशीच्या आत बाबा त्याला विटले. एक दिवस त्यांनी पडदा फाडला, त्याची पायपुसणी केली आणि जाहीर केलं, यापुढे चेहरे काढणार नाही. चेहऱ्यात माणूस नसतो, सोंग असतं. मग ते पाइप, जिने, खुर्च्यांच्या सावल्या यांचे फोटो काढत हिंडू लागले. गच्चीवरून वाकून रस्त्यावरची नुसती डोकी काढायचे. लोकांनी वेड्यात काढलं, गिऱ्हाईक पांगलं. आणि मग ‘हात’ आला आणि सगळं पालटलं. त्यानंतरचे चाळणीचे, किल्ल्यांचे, पेल्याचे, आईच्या केसांच्या बटांचे ठसे, सगळे त्यातूनच निघाले. आमच्या घरात मात्र आमच्या कुणाचा एकही फोटो नाही. माझं लहानपणचं तोंड फक्त शाळेच्या ग्रुपमध्ये आहे, तेही पुढच्या मुलीच्या रिबिनीमागे अर्धं झाकलेलं. मला याचा अभिमान होता. माझे बाबा तत्त्वाचे, असं मी मैत्रिणींना सांगायचे. बाबा म्हणजे माझा जीव की प्राण होते, हे सांगितलं नाही तर पुढचं कळायचं नाही.

आई काठी टेकत आली. तिला बसायला खुर्ची दिली, पण ती टेबलाशीच गेली. वाकून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, भीती नव्हती. ती फक्त म्हणाली, “आला का?” आणि पदराने काच पुसली, खरं म्हणजे काच स्वच्छ होती.

सर खोकले. म्हणाले, काकू, जरा दगदग झाली असेल, बाहेर चहा सांगतो. आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी विचारलं, “आई, हा कुणाचा हात आहे?”

“तुझ्या दादाचा. तीन वर्षांचा होता.”

मला दादा नाही. मी एकुलती एक. सगळ्या फॉर्मवर मी तसंच लिहीत आलेय, लग्न जमवताना तसंच सांगितलं गेलं, आमचं दिवाळं निघालं तेव्हा मदतीला धावून येईल असा एकही भाऊ नाही म्हणून मी नवऱ्यापुढे रडलेय. पन्नाशी उलटल्यावर, पांढऱ्या केसांनिशी, मला कळत होतं की मला एक दादा होता आणि तो तीन वर्षांचा होता. मी टेबलाची कड घट्ट धरली. सरांचा चष्मा नाकावरून घसरला होता आणि तो वर करायचंही त्यांना सुचत नव्हतं.

मग आई बसली आणि सांगायला लागली. एखादी जुनी रेसिपी सांगावी तितक्या सरळ, कुठे न थांबता. मला वाटतं तिने ते मनात इतक्यांदा सांगितलं होतं की त्याच्या कडा झिजल्या होत्या.

मुलगा खोडकर होता, बडबड्या होता. आई मागच्या मोरीत फोटो धूत असायची तेव्हा टबात हात घालून चिंब व्हायचा. बाबा एका मोठ्या पुलाचं बांधकाम काढायला परगावी निघाले तेव्हा आईने त्यांना म्हटलं होतं, याचा एक फोटो काढून ठेवा, पोरं भराभर मोठी होतात. बाबा हसले होते. म्हणाले होते, मी चेहरे सोडलेत, तुझ्यासाठी पुन्हा हनुवटी वर, हसा, सुरू करू का? पूल मात्र ते दहा बाजूंनी काढणार होते. ते गेल्यावर मुलाला घशाचा आजार झाला. डॉक्टर आले, पण उशिरा आले. तार केली, पण बाबांना यायला दुसरा दिवस उजाडणार होता. आणि घरात त्या पोराचा एकही फोटो नव्हता.

शेजारच्या बाईने सुचवलं, पलीकडच्या गल्लीतल्या फोटोवाल्याला बोलावते, निदान एक तरी राहील. आई म्हणाली, तेव्हा तिचं डोकंच फिरलं. फोटोवाल्याच्या घरात दुसरा फोटोवाला आणायचा? तो येऊन म्हणणार, तुमच्या यांना सवड झाली नाही का कधी? तिने बाईला घरी पाठवलं. मोठा कॅमेरा घेऊन बाबा परगावी गेले होते, धाकटा होता त्याचा तिला पत्ता लागेना, आणि लागला असता तरी तिला तो चालवता येत नव्हता. पण कागद तिला येत होते. कुठला कागद उन्हात धरायचा, ठसा पक्का करणाऱ्या हायपोच्या पाण्यात किती वेळ बुडवायचा, किती पाण्यांतून काढायचा, हे ती रोज करत होती. तिने खिडकीत ऊन आलेलं पाहिलं, कपाटातून कागद काढला, मुलाला मांडीवर घेतलं.

मी काय विचारावं? तरी मी विचारलं. म्हटलं, आई, हातच का?

“मग काय तोंड ठेवू कागदावर?” ती म्हणाली.

सर उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ती म्हणाली, आधी बोटं पसरत नव्हती नीट, मी एकेक सरळ केली. ऊन चढलं होतं, पटकन झालं.

म्हणजे तो फोटो बाबांचा नव्हताच. हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला, कारण डोकं अजून त्या खिडकीत होतं. बाबा त्या दिवशी गावात नव्हते. कागद आईने काढला, ऊन आईने पाहिलं, हायपो आईने केला. ज्या एका कागदामुळे माझे बाबा प्रणेते झाले, तो कागद त्यांच्या बायकोने रागाच्या आणि दुःखाच्या भरात केला होता, कारण त्यांनी स्वतःच्या पोराचा फोटो काढला नव्हता.

मी म्हटलं, बाबा आले तेव्हा काय झालं?

आई जरा थांबली. एवढ्या सगळ्यात ती तिथेच काय ती थांबली. म्हणाली, मागच्या खोलीत दोरीवर तो कागद वाळत होता. तुझे बाबा मागच्या दारानेच आत आले, बूटसुद्धा काढले नव्हते. कागदापुढे उभे राहिले. मी पुढे गेले, वाटलं आता माझ्या गळ्यात पडून रडतील. तर म्हणाले, हे कसं केलंस?

“आधी ते विचारलं,” आई म्हणाली. “मग पोराचं.”

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. बाबा मला डार्करूममध्ये स्टुलावर उभं करून ट्रे हलवायला शिकवायचे. माझ्या मुलांसाठी त्यांनी सावल्यांचे ससे केलेत. मी जीव तोडून त्यांचे फोटो छापले, जपले, हे प्रदर्शन उभं केलं ते त्यांच्यासाठी. तो माणूस स्वतःच्या मेलेल्या मुलाच्या हातापुढे उभा राहून विचारतो, हे कसं केलंस. मला त्यांचा इतका राग आला की ते जिवंत असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. आणि त्याच क्षणी, मी खोटं कशाला बोलू, मी पण तो कागद पाहून आधी कडाच तपासल्या होत्या ना? या विचाराने मला जास्त धक्का बसला.

पुढचं आईने थोडक्यात सांगितलं. बाबा नंतर रडले, पुष्कळ रडले, जेवेनासे झाले. मग हळूहळू कागदावर किल्ल्या ठेवायला लागले, चाळणी ठेवायला लागले. घरात पुन्हा आवाज आला म्हणून तिला बरं वाटलं. काही महिन्यांनी म्हणाले, तो कागद प्रदर्शनाला नेतो. तिला वाटलं, नेतील आणि आणतील, मग आपण तो आतल्या खोलीत लावू. बाबा परत आले ते त्याच्याशिवाय. कुणा मोठ्या माणसाने मागितला म्हणून देऊन आले. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस, त्याचा कॅमेऱ्याने फोटो काढून ठेवलाय, हवा तेवढा मोठा करून देतो. पहिला वार्ताहर आला आणि त्याने विचारलं, हात कुणाचा, तेव्हा बाबांनी मान खाली घातली. आई पटकन म्हणाली, माझा. लोकांनी तिच्या पोराची चर्चा करू नये म्हणून. तेव्हापासून तो तिचा झाला.

मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, तू बाबांची लाडकी लेक, ते असताना कसं सांगू? ते गेले की सांगणार होते. तर तू लगेच त्यांचे फोटो जमवायला लागलीस.

सर भिंतीकडून वळले. डोळे लाल झाले होते, पण आवाज वर्गातला होता. म्हणाले, काकू, तुमचं दुःख मोठं आहे, ते तुमच्या घरात राहावं. बाहेर कळलं तर लोक फक्त एवढंच बोलतील. त्यांचं सगळं काम यावर उभं आहे. ही चित्रं, पुस्तकं, उद्याचा कार्यक्रम. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, हे बाहेर आलं तर वडिलांचं काय राहील, विचार कर.

लाज वाटते सांगायला, पण एक क्षण मला त्यांचं म्हणणं पटलं. रुंद पुठ्ठा, मंद दिवा. आई आता किती दिवसांची सोबती, ती काही वाद घालणारी नाही. ती तर म्हणालीच, “मला कशाला विचारता? तुम्ही शिकलेली माणसं, काय लिहायचं ते लिहा.” मग जरा पुढे वाकून मला म्हणाली, “हा परत कधी न्यायचाय?”

मी म्हटलं, प्रदर्शन संपलं की. ज्यांचा आहे त्यांच्याकडे.

तिने मान हलवली. मला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं आणि मला येतं ते एकच. मी म्हटलं, आई, मी याची हुबेहूब प्रत काढून देते. हाच रंग, एवढाच आकार, तुला फरक ओळखू येणार नाही अशी.

“नको ग,” ती म्हणाली. “पुस्तकातनं तो मोठा मोठाच होत गेला. माझा एवढाच होता. आणि तुझ्या प्रतीला त्याचा हात कुठे लागलाय? या कागदाला लागलाय. मी टेकवलाय.”

मला सगळ्यांनी इतकी वर्षं शिकवलं होतं, बाबांनी, सरांनी, त्या जाडजूड ग्रंथाने, की या फोटोत कॅमेरा नसतो म्हणून तो आधुनिक. वस्तू कागदाला भिडते म्हणून तो नवा. एकानेही सांगितलं नव्हतं की कुणीतरी तेवढ्यासाठीच तो केला असेल.

आई म्हणाली, “मला एकदा हातात दे.”

मी फ्रेम पालथी केली आणि मागच्या खिळ्या उचकटायला लागले. सर धावत आले. म्हणाले, वेड लागलंय का तुला, तो आपला नाही, विमा आहे, मालक आहेत, बोटांचं तेल या कागदावर बसलं की पिवळा डाग पडतो, कायमचा. हे त्यांच्याआधी मला माहीत होतं, मी दिवसातून दहा जणांना त्यावरून ओरडते. त्यांनी खिशातले पांढरे मोजे पुढे केले, निदान हे तरी त्यांना घाल. मी मोजे घेतले आणि टेबलावर ठेवून दिले. काच काढली, पुठ्ठा काढला आणि तो कागद आईच्या मांडीवर ठेवला.

ती रडली नाही. अंगठा हळूच त्या करंगळीवरून फिरवला, मग दुसऱ्या बोटावरून, असा सगळ्या. सरांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. मी जाऊन भिंतीवरचं कार्ड काढलं. दुसरं घेतलं. त्यावर लिहिलं, ‘मुलाचा हात’, आणि खाली बाबांच्या नावाच्या जागी आईचं नाव. सरांना म्हटलं, उद्या मी सगळ्यांपुढे सांगणार आहे. बाकीच्या भिंती बाबांच्याच आहेत, त्यांना कुणी हात लावत नाही, पण हा त्यांचा नव्हे. सर म्हणाले, तुझे वडील होते ते. मी म्हटलं, त्याचेही होते.

दिवे लावायची वेळ झाली तेव्हा फ्रेमवाला येऊन दारात उभा राहिला, शेवटचा खिळा ठोकायचा होता. आईनेच त्याला पाहिलं. कागदावरचे हात बाजूला घेतले आणि मला म्हणाली, “घे, लाव आता भिंतीवर. उद्या माणसं येतील.”

मी जवळ गेले, वाकले. फोटो कसा उचलायचा ते मला कुणी सांगायची गरज नाही, दोन कडांना धरायचं आणि सरळ वर घ्यायचं. पण तिच्या मांडीवरून त्याला उचलायला माझे हात पुढेच होईनात. मी फ्रेमवाल्याला सांगितलं, थांबा जरा, बाहेर बसा, आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसून राहिले.